‘अंगणवाडी’ या शब्दामागची बाई : ताराबाई मोडक

जुन्नर असो की आंबेगाव, गावात शिरल्यावर ग्रामपंचायत, शाळा, डेअरी आणि अंगणवाडी कुठं आहे विचारलं तर कुणीही हात करून दाखवतं. पश्चिमेला आहुपे, तिरपाडच्या वाड्यांत जा, नाहीतर पूर्वेला पारगाव, निरगुडसरच्या उसाच्या पट्ट्यात जा, अंगणवाडी भेटतेच. शब्द तोंडात इतका बसलाय की तो आला कुठून, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. सरकारनंच काढला असणार, असं आपण धरून चालतो.

या शब्दामागं एक बाई आहे. ताराबाई मोडक. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. त्यांचं काम आपल्या तालुक्यांतलं नाही. ते झालं भावनगर, मुंबई आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला. पण त्यांनी ज्या पोरांसाठी डोकं लावलं ती पोरं डोंगरातली, मजुरांची, गुरं राखणारी आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी होती. अशी पोरं आपल्याकडं तेव्हाही होती, आजही आहेत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातले, त्यामुळं घर सुधारकी वळणाचं. पोरीला शिकवायचं की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी बायका बोटांवर मोजाव्यात इतक्याच असतील. लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालं. मोठं घर, चांगली वकिली, सगळं होतं. पण संसार टिकला नाही. पदरात एक लहान मुलगी घेऊन ताराबाई वेगळ्या झाल्या.

आज हे वाक्य वाचायला सोपं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुलीला घेऊन, स्वतःच्या पगारावर जगायचं म्हणजे काय, हे गावाकडच्या बायांना वेगळं सांगायला नको. त्यांनी कुणाच्या दारात जाऊन बसायचं नाही असं ठरवलं आणि नोकरी धरली. राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेज होतं, शिक्षिका तयार करणारं. तिथं त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान चांगला. तिथंच थांबल्या असत्या तर एक कर्तबगार प्राचार्या म्हणून निवृत्त झाल्या असत्या आणि आपल्यापर्यंत त्यांचं नाव आलं नसतं.

पण जवळच भावनगरला एक वेगळाच माणूस काम करत होता. गिजुभाई बधेका. पेशानं वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा याला शिकवायचं कसं, या विचारात पडले आणि वाचता वाचता इटलीच्या मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीपर्यंत पोचले. मग वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे, यातच सगळं आलं. ताराबाईंनी त्यांच्या कामाबद्दल वाचलं, प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ च्या सुमारास मुलीसह भावनगर गाठलं. पद सोडून लहान पोरांच्या वर्गात जमिनीवर बसायला निघालेल्या बाईला नातेवाइकांनी काय म्हटलं असेल, त्याचा अंदाज आपण करू शकतो.

आता ही मॉंटेसरी पद्धत म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. आपल्याकडं नारायणगाव, मंचरला या नावाच्या पाट्या असतात, पण आत नेमकं काय असायला हवं, ते पाटीवरून कळत नाही.

मारिया मॉंटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं जिन्यांत, गल्लीत मोकाट, अशी ती वस्ती. मॉंटेसरींनी या पोरांना पाटी-पेन्सिल दिली नाही. हाताळायच्या वस्तू दिल्या. लाकडाचे दहा ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटीमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटीमीटरचा. ते उतरत्या क्रमानं एकावर एक रचले की मनोरा होतो. लाकडाच्या फळीत दहा भोकं आणि प्रत्येक भोकात बसणारा एकच दट्ट्या. चुकीच्या भोकात घातला तर तो बसत नाही किंवा शेवटी एक उरतो. म्हणजे चूक झाली हे पोराला बाईंनी सांगायची गरज नाही, वस्तूच सांगते. ओरडा नाही, छडी नाही. पोरगं पुन्हा काढतं, पुन्हा घालतं, वीस वेळा करतं आणि जमलं की स्वतःशीच हसतं. खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवलेली. त्यावर बोट फिरवून फिरवून अक्षराचं वळण आधी हाताला कळतं, मग डोळ्याला, आणि लिहिणं त्यानंतर येतं.

गंमत म्हणजे जगात दुसरीकडंही कुणीतरी अशाच वाटेनं चाललं होतं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली खास मुलांसाठी पहिलं संग्रहालय निघालं. संग्रहालय म्हटलं की काचेचं कपाट आणि हात लावू नये अशी पाटी, हे आपल्या डोक्यात बसलेलं. मुलांच्या संग्रहालयाचा विचार उलटा होता. वस्तू पोराच्या हातात आली पाहिजे. वजन कळलं पाहिजे, खडबडीत-गुळगुळीत कळलं पाहिजे, वास आला पाहिजे. पोरगं तीन-चार वर्षांचं असतं तेव्हा त्याचं डोकं हाताच्या वाटेनं चालतं, हे रोम आणि ब्रुकलिनला आपापल्या परीनं कळलं होतं. आपल्या आज्यांनाही ते कळलेलं होतं. भाकरी करताना नातवाच्या हातात पिठाचा गोळा देणारी आजी दुसरं काय करत होती?

भावनगरला ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षं काढली. गुजराती शिकल्या, बालमंदिरात शिकवलं, शिक्षिका तयार केल्या. १९२६ साली गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक निघालं आणि मराठीतली पत्रिका ताराबाईंनी सांभाळली. लहान मुलांना मारू नये, भीती घालू नये, बळेबळे अक्षरं गिरवायला लावू नयेत, हे त्या पत्रिकेतून आईबापांना परत परत सांगत राहिल्या. आज हे ऐकून मान डोलावणारे खूप भेटतात. तेव्हा छडी लागे छमछम हीच रीत होती.

पुढं त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. मध्यमवर्गीय घरातली पोरं, शिकलेले आईबाप, चांगली इमारत, चांगली साधनं. शाळेचं नाव झालं. इथंही त्या थांबू शकल्या असत्या.

पण एक गोष्ट खटकण्यासारखी होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत भारतात आली आणि पैसेवाल्यांची झाली. ते लाकडी ठोकळे, ते दट्टे, त्या फळ्या सुतारकामात अगदी काटेकोर लागतात, म्हणून महाग. ज्या पोरांना दिवसभर बघायला कुणी नाही, त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. तेव्हा गांधीजींच्या नई तालीमचं वारं देशभर होतं. हातानं काम करत शिकायचं आणि खेड्याला परवडेल असं शिकायचं, हा त्याचा गाभा. ताराबाईंचा विचार त्या दिशेनं वळला.

१९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी दादर सोडून बोर्डी गाठली.

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचं गाव, चिकूच्या बागांचं, घोलवडजवळ. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. आजूबाजूला वारली, शेतमजूर, हरिजनवाडा. वर्ष लक्षात घ्या. त्याच १९४५ साली त्याच भागात, तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात, गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानं वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते. सावकार आणि जमीनदारांच्या शेतावर फुकट राबायचं नाही म्हणून. म्हणजे पांढरे कपडे घालून येणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो, हा त्या लोकांचा अनुभव होता. अशा ठिकाणी शहरातली एक बाई येते आणि तुमची लहान पोरं माझ्याकडं खेळायला पाठवा म्हणते. कोण पाठवणार?

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाईंबरोबर होत्या अनुताई वाघ. या अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. जन्म १९१० चा, मोरगावचा. अष्टविनायकातले दोन गणपती आपल्या जुन्नर तालुक्यात, ओझर आणि लेण्याद्रीला, आणि यात्रेचा पहिला मोरगावला, तेच हे मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य चुलीमागं संपायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवलं, आणि ३५ व्या वर्षी बोर्डीला ताराबाईंच्या हाताखाली आल्या. मग शेवटपर्यंत, म्हणजे २८ वर्षं, दोघी बरोबर राहिल्या. संसारातून बाहेर पडलेल्या या दोघी बायकांनी दुसऱ्यांच्या पोरांसाठी काय उभं केलं, ते पुढं बघा.

सुरुवातीला त्यांनी गावात बालवाडी काढली. खाऊनपिऊन बऱ्या घरची पोरं आली. वाड्यावरची आली नाहीत. कारणं साधी होती. अंगावर धड कपडा नाही. सकाळी आईबाप कामावर गेले की पोराला कोण पोचवणार? सहा-सात वर्षांच्या पोरीच्या कडेवर वर्षाचं भावंडं. आणि गावातल्या पोरांबरोबर आपल्याला बसू देतील का, ही भीती तर होतीच.

अशा वेळी बहुतेक माणसं म्हणतात, लोकांनाच शिक्षणाची आवड नाही. हे वाक्य आपणही आदिवासी भागाबद्दल किती वेळा ऐकलंय. ताराबाईंनी तसा शेरा मारला नाही. पोरं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी पोरांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

म्हणून अंगणातली बालवाडी. वाड्यावरच्या एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायचं. पोरं जमवायची. आधी त्यांचे हातपाय, तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नखं काढायची. तोही शिकण्याचाच भाग. मग गाणी, गोष्टी, खेळ. आईबापाला बोलवायला जायची गरज नाही, ती दारातच उभी राहून बघतात. काय चाललंय ते त्यांना दिसतं. बाई आपल्या पोराचा शेंबूड पुसते हे डोळ्यांनी बघितल्यावर संशय हळूहळू जातो. शाळेच्या भिंतीआड हे झालं नसतं. यातूनच पुढं अंगणवाडी हा शब्द रुळला, असं मानलं जातं.

साधनांचं काय? मुंबईचे लाकडी ठोकळे इथं कोण विकत घेणार? इथं ताराबाईंनी सगळ्यात मोठं काम केलं असं मला वाटतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. त्यांनी मॉंटेसरीचा विचार ठेवला आणि दुकानातलं सामान बाजूला केलं. बोर्डीला समुद्र होता, तिथं शंख-शिंपले. रानात बिया, पानं, फुलं, काटक्या, खडे. लहान-मोठं लावायचं तर शिंपले लावा. रंग ओळखायचे तर फुलं-पानं घ्या. मोजायचं तर बिया मोजा. एकसारखे वेगळे करायचे तर खडे निवडा. माती तर कुठंही असते.

यात नुसती काटकसर नव्हती. वारल्याच्या पोराला ही पानं, या बिया नावानं माहीत असतात. शहरातल्या बाईपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. लाकडी दट्टा हातात दिला की ते पोर अडाणी ठरतं. रानातलं पान हातात दिलं की ते बाईंना शिकवू लागतं. एकाच पोराच्या बाबतीत साधन बदललं की सगळं बदलतं. पहिल्याच दिवशी पोराला आपल्याला काही येत नाही असं वाटलं, तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. आश्रमशाळेतून पळून घरी आलेली पोरं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे पटेल.

खेळातून शिकणं म्हणजे पोरं सोडून द्यायची आणि बाईंनी स्वेटर विणायचा, असंही नव्हतं. या पद्धतीत बाईचं काम जास्त अवघड आहे. आधीच विचार करून वस्तू मांडायच्या, आज कुठलं पोर कशाला हात लावतंय ते बघायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि पोर अडलं तर उत्तर न देता पुढची वस्तू पुढं सरकवायची. सांगून टाकणं सोपं असतं. गप्प बसून बघायला शिकावं लागतं. म्हणून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला त्यांनी बालवाडीइतकंच शिक्षिका घडवण्यावर लक्ष दिलं, आणि गावातल्या साध्या शिकलेल्या बायकांना तयार केलं.

बारा वर्षांनी, १९५७ साली, केंद्र बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारली पाड्यांत. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या. आपल्याकडं या वयात माणूस पारावर बसतो.

कोसबाडला आणखी दोन अडचणी पुढं आल्या. एक, धाकटं भावंड सांभाळणारी पोर. तिला शाळेत या म्हटलं तर धाकट्याचं काय करायचं? उत्तर सापडलं ते असं की धाकट्यालाही येऊ दे. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरली शाळेत, मधलं बालवाडीत, धाकटं पाळण्यात. शाळेतल्या मोठ्या पोरी पाळणाघरातल्या लहानग्यांकडं बघता बघता बाळाची निगा शिकणार. याला विकासवाडी म्हणत. ऐकायला साधं वाटतं. पण आज २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा एक सलग टप्पा धरलाय, बालवाडी आणि पहिली-दुसरी जोडलीय, तेव्हा त्याची बातमी झाली. टेकडीवरच्या दोन बायकांनी ती जोडणी साठ वर्षं आधी करून ठेवली होती.

दुसरी अडचण गुराख्यांची. सकाळी गुरं सोडायची ती संध्याकाळी परत. या पोरांना शाळेची वेळ जमणारच नाही. मग शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली, एक डोळा गुरांवर आणि हातात खडे-काटक्या. शिक्षक त्यांच्या मागं फिरतो. सरकारी कागदात न बसणारी ही शाळा होती, पण पोरांच्या दिवसात ती बरोबर बसली.

१९६२ साली सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिला. त्यांनी मराठी आणि गुजरातीत मुलांसाठी आणि पालकांसाठी बरंच लिहिलं. शेवटची वर्षं कोसबाडच्या कामात गेली. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. पुढं दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना पोषक आहार, लसीकरण, तपासणी आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण. महाराष्ट्रात सुरुवात मेळघाटातल्या धारणीपासून झाली. देशभर या केंद्रांना नाव दिलं गेलं, अंगणवाडी. ते बघायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी कोसबाड पुढं चालवलं, त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्याही गेल्या.

आता आपल्याकडं या. अंगणवाडी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? खिचडी, घरी न्यायचं आहाराचं पाकीट, वजनकाटा, लसीचा दिवस. हे सगळं गरजेचं आहे, त्यात वाद नाही. पश्चिम पट्ट्यात कुपोषणाचा प्रश्न आहे आणि तिथं हे आधी लागतं. पण शाळापूर्व शिक्षण हा योजनेतला भाग मागं पडत गेला. सेविका ताई एकट्या. हातात रजिस्टरांचा गठ्ठा, त्यात मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा, आणि डोंगरात रेंज नाही म्हणून टेकाडावर चढून भरायचा. मानधनासाठी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर त्यांना संप करावा लागला. एवढं करून गप्प बसून पोराला बघायला त्यांच्याकडं वेळ किती उरतो, ते त्यांनाच विचारा.

दुसरीकडं ज्यांना परवडतं त्यांची तीन वर्षांची पोरं टाय लावून पिवळ्या बसमध्ये. घरी आल्यावर गृहपाठ. ज्या बोटांना अजून पेन्सिल धरायला जोर नाही, त्यांनी एबीसीडी गिरवायची. महिन्याची फी भरल्यावर बापाला वहीत काहीतरी दिसलं पाहिजे ना! मातीत खेळून आलेल्या पोराच्या वहीत काही दिसत नाही. म्हणून अंगणवाडीत नुसतं खेळवतात अशी तक्रार आपल्याकडं होते. ताराबाईंना ही तक्रार दादरलाही ऐकावी लागली असेल, बोर्डीलाही. खरं तर तक्रार उलटी व्हायला हवी, की अंगणवाडीत पुरेसं खेळवत नाहीत.

आणि अंगणाचं काय झालं? उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं लेकराला एकटं अंगणात सोडायची सोय राहिली नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, ते उगाच नाही. मग पोरगं घरात, आणि घरात मोबाईल. हातानं मनोरा रचण्याऐवजी काचेवर बोट सरकवणारी पोरं आपण बघतोय. काचेला वजन नसतं, खडबडीतपणा नसतो, वास नसतो. चार पोरं एकत्र, एक मोठं माणूस नजर ठेवून, अशी खेळायची जागा आज लागतेय ती म्हणूनच. बोर्डीच्या अंगणात नेमकं हेच होतं.

हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांवर ऊसतोड कुटुंबं येतात, तेव्हा फडाच्या कडेला पाचटात बसलेली लहान पोरं दिसतात. साखरशाळांचे प्रयत्न झाले, काही चालले, काही बंद पडले. पण तीन-चार वर्षांच्या पोरांचा विचार त्यातही कमीच. कुरणात शाळा जाऊ शकते, तर कोप्यांवर अंगणवाडी जायला काय हरकत आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कायद्याची अडचण नाही.

केंद्र सरकारनं २०२३ च्या फेब्रुवारीत जादुई पिटारा नावाची खेळण्यांची पेटी आणली. बाहुल्या, कोडी, पत्ते, गोष्टी. चांगली गोष्ट आहे. पण पेटी येईपर्यंत थांबायची गरज नाही, आणि आलेली पेटी खराब होईल म्हणून कपाटात कुलपात ठेवायचीही नाही. ही सवय आपल्याकडं भारी आहे. मग काचेचं कपाट आणि हात लावू नये, हेच पुन्हा सुरू होतं.

आपल्या भागात साधनांना काय तोटा? पश्चिमेला हिरडा, करवंदाची पानं, कारवीच्या काटक्या, नदीचे गोटे. पूर्वेला चिंचोके, मक्याचे दाणे, शेंगांची टरफलं. बाजरी, ज्वारी आणि तांदूळ एका ताटात मिसळून तीन वाट्यांत निवडायला द्या, पाच वर्षांचं पोर अर्धा तास मान वर करत नाही. दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या. अगदी लहान पोरं बी तोंडात किंवा नाकात घालतात, तेव्हा तीन वर्षांच्या आतल्यांना बारीक वस्तू देऊ नका. आणि गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी असतात, एरंडाची बीही तशीच. या दोन्ही पोरांच्या हातात नकोत.

आणखी एक. मॉंटेसरीबाईंच्या त्या दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्याला तोडीस तोड वस्तू आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. चिपटं, मापटं, शेर, पायली. लहान मोठ्यात बसतं, लहानानं भरत गेलं की मोठं किती वेळा भरतं ते मोजता येतं, आणि चुकलं तर धान्य सांडून तेच सांगतं. वजनकाटे आल्यापासून ही मापं माळ्यावर धूळ खात पडलीत, काही भंगारात गेली. तुमच्याकडं असतील तर घासून, कडा बोथट आहेत का बघून, अंगणवाडीत नेऊन द्या. सोबत दोन-चार किलो बाजरीही द्या, सांडायला.